इमानबाबाची भाऊबीज

आमच्या आत्यानं जन्मात कधी मान वर करून विमान बघितलं नाही. वर घरघर सुरू झाली की हातातलं काम टाकून ती आत जाते. पूर्वी आमच्या गावावरून क्वचित एखादं विमान जायचं, तेव्हा ते खपून जात होतं. आता नवा विमानतळ सुरू झालाय आणि खांदा कॉलनीतल्या आमच्या गॅलरीतून विमानं इतकी दिसतात की शेजारची पोरं शेपटीवरचं चित्र बघून कुठल्या कंपनीचं ते सांगतात. आत्या बाथरूममध्ये जाऊन नळ मोकळा सोडते, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. "अगं, टाकी रिकामी केलीस!" म्हणून मी बाहेरून बोंबलते. ती आतून म्हणते, "होऊ दे गो. पानी येल परत."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही, ती माहेरी परत आली ती कायमची. पुढे माझे यजमान गेले आणि विमानतळाच्या कामात आमचं गावच जागेवरून उठलं, तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. मी निवृत्त, ती नव्वदीला टेकलेली, आणि दोघींचीही तोंडं दिवसभर चालू. माणसाला भांडायला कुणीतरी पाहिजेच.

तिच्या पाठचे ते माझे वडील. तिच्याहून मोठा आणखी एक भाऊ होता, माझे थोरले काका. त्यांना मी पाहिलेलं नाही. ते विमानाखाली गेले.

युद्धाचे दिवस होते. युद्ध लांब कुठेतरी होतं, आमच्याकडे त्याची फक्त विमानं यायची. दिवाळी तोंडावर आली होती. काकांना मिसरूड फुटलं होतं, त्या वर्षी आजोबा त्यांच्यासाठी मुली बघत होते. आत्याचे दुधाचे दात पडत होते. भाऊबीजेला तुला पनवेलच्या बाजारातून काचेच्या हिरव्या बांगड्या आणीन, असं काकांनी तिला कबूल केलं होतं आणि त्यासाठीच ते गावामागच्या डोंगरावर गवत कापायला गेले. गवताचा भारा बाजारात विकायचा आणि येताना बांगड्या आणायच्या. सकाळची वेळ, डोंगर धुक्यात बुडालेला. आत्या अंगणात राखुंडीनं दात घासत होती. ती सांगते, "आवाज खाली खाली आला, नि मंग आलाच नाय." नंतर धुक्याच्या वर काळा धूर दिसला.

गाव वर धावलं. आगीमुळे जवळ जाता येईना. दुपारपर्यंत सोजिरांच्या, म्हणजे गोऱ्या शिपायांच्या, लॉऱ्या आल्या, त्यांनी सगळ्यांना मागे सारलं आणि जे काही सापडलं ते ताडपत्रीत गुंडाळून खाली आणलं. आजोबांना गवतात काकांचा विळा तेवढा मिळाला. ते विळा हातात घेऊन लॉरीच्या आडवे झाले आणि म्हणाले, "माजा पोर हाय त्यात." गोऱ्या साहेबानं डोक्यावरची टोपी काढली, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते आजोबांना मरेपर्यंत कळलं नाही. लॉरी गेली. आजोबांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, दिवस घातले. पण काका स्वतः त्या गोऱ्यांबरोबर कुठल्यातरी छावणीच्या मातीत पुरले गेले, हे सगळ्या घराला माहीत होतं. कोणी बोलत नसे, एवढंच.

मग भाऊबीज आली. पोर दिवसभर हुंदके देत बसली, तेव्हा आजीनं तबक केलं, तिचा हात धरला आणि डोंगरावर नेलं. सोजिरांनी मोठमोठे तुकडे नेले होते, पण इंजिनाचा एक जड गोळा जमिनीत रुतून बसला होता, तो काही त्यांच्याकडून निघाला नव्हता. आजीनं त्या लोखंडावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि म्हणाली, "हितंच हाय तो. ववाल."

त्या दिवसापासून एकही भाऊबीज आत्यानं चुकवली नाही. सासरी असतानाही नाही. आधी डोंगर, मग माझे वडील. वडील आंघोळ करून, नवी टोपी घालून पाटावर बसून राहायचे, समोर करंज्यांचं ताट आणि पोटात कावळे. "जित्याला उपाशी ठेवून मेलेल्याचे लाड चाललेत!" असं दरवर्षी न चुकता करवादायचे. पण ती डोंगर उतरून येईपर्यंत करंजीला हात लावायचे नाहीत.

लोखंडावर कुंकू दिसलं म्हटल्यावर बाकीच्या बायका थोड्याच गप्प बसतात! एकीनं शेंदूर लावला, दुसरीनं नारळ फोडला, तिसरीच्या गुरांचा ताप उतरला. दहा-वीस वर्षांत शेंदराची एवढी जाड पुटं चढली की आत लोखंड आहे, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. देवाचं नाव पडलं इमानबाबा.

आता या नावाची गंमत सांगते. आमच्या गावात शब्दाच्या सुरुवातीचा 'वि' कुणाच्या जिभेवर टिकत नाही. विंचू तो इंचू, विस्तव तो इस्तू, आणि विमान ते इमान. म्हणजे इमानबाबा हा विमानाचा बाबा. पण ज्यांनी विमान पडताना बघितलं होतं ती माणसं एकेक करून गेली आणि मागच्यांनी सरळ अर्थ लावला, इमान म्हणजे सचोटी, खरेपणा. झालं! खोट्याला शिक्षा करणारा देव म्हणून आमच्या इंजिनाची कीर्ती पंचक्रोशीत पसरली. बांधावरून भांडण झालं, कोंबडी चोरीला गेली, की चला इमानबाबाकडे शपथेला. एकदा एका गड्यावर जाळं चोरल्याचा आळ होता. त्याला शपथेसाठी वर नेत होते, तर डोंगराच्या पायथ्याशीच त्याची पाचावर धारण बसली आणि त्यानं जाळं कुठे लपवलंय ते सांगून टाकलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आत्या चिडायची. "आरं मुडद्यांनो, तो इमान नाय, इमान हाय! इमान पडलं व्हतं हितं!" तिच्या तोंडून दोन्ही शब्द सारखेच निघणार. लोक म्हणायचे, हो गं बाई, इमानच. मीही लहानपणी त्यांच्यातलीच. शाळेत बाईंनी चित्र दाखवून हे काय म्हणून विचारलं, मी मोठ्यानं "इमान" म्हणाले आणि सगळा वर्ग खदखदून हसला. बाईंनी माझ्याकडून दहा वेळा 'विमान' म्हणवून घेतलं. घरी येताना ते घोकता घोकता एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धावत जाऊन आत्याला म्हटलं, "आत्या, तुझा भाऊ विमानानं मेला?" ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "मंग मी येवढी वर्सं काय सांगते?"

गाव उठलं तेव्हा घरासाठी रडली नाही इतकी ती डोंगरासाठी रडली. विमानतळाच्या भरावाला माती पाहिजे होती, म्हणून डोंगर कापायला घेतला होता. विमानांना जागा पाहिजे म्हणून हाच डोंगर सापडावा, याला काय म्हणावं मला अजून कळत नाही. माझा एक लांबचा चुलतभाऊ आहे. जागा गेल्यापासून बिल्डर झालाय, गावच्या मंडळाचा अध्यक्षही तोच. त्यानं आत्याला सांगितलं, "तू काळजी करू नको. नव्या गावठाणात बाबांचं असं देऊळ बांधतो, की बघत राहशील." ती म्हणाली, "देऊल नको. तो गोला मातर नीट आन."

गोळा होता तो डोंगराचा तुकडा सगळ्यात शेवटी, यंदाच्या उन्हाळ्यात कापला. पोकलेननं गोळा उचलला आणि खाली टेकवताना शेंदराचं कवच खळकन फुटून पडलं. आतून इंजिन निघालं. नटबोल्टांसकट. जमलेल्या लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती म्हणतात. ज्यांनी आयुष्यभर त्याच्यापुढे शपथा घेतल्या, ते चपला पायात घालून दोन पावलं मागे सरले. मंडळाची बैठक बसली. गाभाऱ्यात इंजिन कसं ठेवायचं? मग मकराण्याहून संगमरवराची मूर्ती आली, पिळदार मिशा आणि उंचावलेला हात. दारावर पाटी लागली, 'सत्यवचनी श्री इमानदेव'. इंजिन देवळामागे पाण्याच्या टाकीजवळ ठेवलं. भाऊबीजेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं मी चुलतभावाकडून वदवून घेतलं. तोही हो हो म्हणाला.

त्या इंजिनाचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. ते बघून एक तरुण आमच्याकडे आला. पुण्याचा, नोकरी करून उरलेल्या वेळात पडलेल्या जुन्या विमानांचे तुकडे शोधत हिंडायचा. असले छंद असतात एकेकाला. देवळामागे जाऊन त्यानं इंजिन बघितलं आणि मग आमच्या घरी येऊन आत्यासमोर बसला. म्हणाला, "आजी, हे दोन इंजिनांचं बाँबर विमान होतं. पण ते लढाईला चाललेलं नव्हतं. इकडे लढाई नव्हतीच. इथल्या आकाशात फिरायची ती बहुतेक शिकवणीची विमानं. आतली मुलं विमान चालवायला शिकत होती."

आत्यानं पान लावता लावता हात थांबवला. "शिकत व्हती? म्हंजे येत नव्हतं त्यांना?"

"शिकत होती, आजी. चौघं असायची अशा विमानात. दोनातलं एक इंजिन बंद पडलं की विमान एका अंगाला ओढतं, नवख्याला ते सावरत नाही. त्यात धुकं. डोंगर दिसलाच नसणार. अशी कितीतरी पोरं लढाई न बघताच गेली. त्यांचं कुणी काही सांगत नाही."

"केवढी व्हती?"

"एकोणीस, वीस. अशीच."

"माज्या भावायेवढी," आत्या म्हणाली.

मला तिच्याकडे बघवेना. आयुष्यभर तिनं त्या गोऱ्यांना शिव्या घातल्या होत्या. कुणाच्या तरी घरावर बाँब टाकायला निघाले आणि मेले माझ्या भावावर पडले, हे ती धरून बसली होती. त्या रागावर ती जगली, असं म्हटलं तरी चालेल. आणि आता कळत होतं की ती पोरं हात धरून अक्षरं गिरवायला बसवल्यासारखी होती. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? नुसतं मरण उरलं, त्याला कुणी दोषीसुद्धा नाही. मला वाटलं, हा पोरगा आलाच नसता तर बरं झालं असतं.

मग तिनं विचारलं, "पुरलं कुठं त्यांना?"

तो म्हणाला, ते त्याला ठाऊक नाही. अशा अपघातात कोण कुठला हे ओळखू येत नसे, तेव्हा सगळ्यांना एकाच कबरीत ठेवायचे आणि वर सगळ्यांची नावं.

"माजा बी त्यांच्यातच?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांग म्हणून. "असतील, आजी."

"येगला काडता येल?"

"नाही येणार."

ती उठून आत गेली. जाताना तो मला हळूच म्हणाला, हे इंजिन एखाद्या संग्रहालयात जायला हवं. मी म्हटलं, भाऊबीज होऊ दे, मग काय न्यायचं ते ने. तोवर तिला ओवाळायला तेवढंच राहिलंय. डोंगर नाही, कबर ठाऊक नाही. ते लोखंड तरी तिचं असू दे.

यंदाची भाऊबीज. सकाळी मी रिक्षा सांगितली, आत्यानं नऊवारी नेसून तबक घेतलं, आम्ही नव्या देवळात गेलो. दारात रांगोळी, स्पीकरवर आरत्या, चुलतभाऊ कडक इस्त्रीच्या झब्ब्यात. आत्या गाभाऱ्यापुढे थांबली, मूर्तीच्या मिशांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "यो कोन?"

"आत्या, इमानबाबा!" चुलतभाऊ म्हणाला.

"यो मना वलखत नाय," असं म्हणून ती देवळाला वळसा घालून मागे निघाली. मी तिच्या मागे. पाण्याच्या टाकीजवळ फरशी धुऊन स्वच्छ केलेली, कडेला झेंडूची चार नवीन रोपं. इंजिन नव्हतं.

मी चुलतभावाला बोलावलं. तो आला, इकडेतिकडे बघितलं, मोबाइलवर कुणाला तरी विचारलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "दिवाळीच्या साफसफाईत मंडळाच्या पोरांनी भंगारवाल्याला दिलं वाटतं. त्यांना काय माहीत! जाऊ दे ना, मूर्ती आहे की समोर. तिला ओवाळ."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आरती थांबली, एवढं सांगते. भंगाराच्या दुकानाचा पत्ता काढून मी तिथेही गेले, आत्याला रिक्षात बसवून. दुकानदारानं हात जोडले. माल आदल्याच दिवशी ट्रकनं गेला होता, वितळायला.

परत येताना आत्या रिक्षात तबक मांडीवर घेऊन बसली होती. निरांजन विझलेलं, कुंकू वाऱ्यानं पदरावर उडालेलं. मी तिचा हात धरला तर तिनं सोडवून घेतला. म्हणाली, "दोनदा नेला त्याला. आदी सोजिरांनी, मंग आपल्याच मानसांनी." मी बाहेर बघत रडले. रिक्षावाल्यानं आरसा दुसरीकडे फिरवला.

घरी आल्यावर ती जेवेना. ओवाळल्याशिवाय ती पाणीही पीत नाही त्या दिवशी. दुपार उलटली. शेवटी तिनं आपला पानाचा डबा ओढला आणि म्हणाली, "पाट मांड." आपल्याकडे माणूस हजर नसलं की त्याच्या नावानं सुपारी मांडतात. तिनं पाटाच्या मध्यावर तांदळाची मूठ ठेवली आणि त्यावर एक सुपारी. मग जरा थांबून आणखी चार काढल्या आणि पाटाच्या कडेला ओळीनं लावल्या.

"या कुणाच्या गं?"

"शिकनाऱ्यांच्या. पावने हायत ते. त्याच्यासंगं आले, त्यांना भायेर कसं ठेवायचं? करंज्या दे त्यांना. पन ववालनार मी माज्या भावाला."

मी पाच करंज्या वाढल्या. निरांजन लावलं. तिनं मधल्या सुपारीला कुंकू लावण्यासाठी तबक उचललं आणि नेमकी तेव्हाच वरून घरघर आली. जवळून, अगदी गच्चीला घासून गेल्यासारखी. गॅलरीची काच थरथरली. मी नळ सोडायला उठत होते तर ती म्हणाली, "बस खाली. ववालताना उठू नये." पण तिचे हात तिचं ऐकेनात. तबक कापायला लागलं, पाटाच्या कडेवर आपटलं, पाट कलंडला आणि पाचही सुपाऱ्या तांदळासकट घरंगळत जमिनीवर एकत्र झाल्या.

विमान निघून गेलं. आत्या वाकून बघत होती. सगळ्या सुपाऱ्या एकाच डब्यातल्या, एकाच रंगाच्या. कुंकू अजून एकीलाही लागलं नव्हतं.

"यातली माजी कंची?"

मी पटकन एका सुपारीवर बोट ठेवलं. "ही बघ. हीच होती मध्ये."

तिनं माझ्याकडे बघितलं. "इमानाची शपथ?"

मी बोट मागे घेतलं.

"नाय ना?" ती म्हणाली. तिनं पाचही सुपाऱ्या गोळा केल्या, परत पाटावर मांडल्या, मध्ये कुठलीच नाही, सगळ्या शेजारी शेजारी. एकेकीला कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि दोन्ही हातांनी तबक घट्ट धरून उचललं.

"मंग सगल्यांनाच ववालते. माजा पोर हाय त्यात."